जमिनीवर ठेवलेली बोट

मी एक जुनी शिडाची बोट आहे, आणि म्हातारपणी सगळ्यांना जी खोड लागते ती मलाही लागली आहे. धक्क्यावर कुणी पाय सोडून बसले, की मला बोलावेसे वाटते. तेव्हा मित्रांनो, बसलाच आहात तर ऐका.

मी काही मोठे जहाज नाही. दोन मोटारी एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढी माझी लांबी. मासेमारी मी कधी केली नाही, म्हणून जाळी वाहणाऱ्या होड्या मला जरा नटवीच समजतात. समजू देत बापड्या. माझे काम वेगळे. माणसांना घेऊन दूर जायचे आणि जिथे नांगर टाकला तिथे त्यांचे घर होऊन राहायचे. माझ्या पोटात एक केबिन आहे. तिच्यात दोन बाजूंना दोन बाके, त्यांच्यावरच अंथरूण, मधे घडीचे टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह आणि हात धुवायला एवढेसे बेसिन. बसायला सहा जण, झोपायला दाटीवाटीने तिघे आणि भांडायला दोघे पुरतात.

मला दोन सुतार भावांनी बांधले. थोरला मोजून कापायचा आणि धाकटा कापून मोजायचा, त्यामुळे दिवसभर त्यांची जुंपलेली असे. लाकडाच्या लांब फळ्या वाफेवर मऊ करून त्यांनी त्या एक-एक करून माझ्या बरगड्यांवर वाकवल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकली, वरून लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली आणि रंग दिला. शेवटचा हात फिरवून झाल्यावर थोरला एवढेच म्हणाला, "हिला आधी पाणी पिऊ द्या. मग फिरायला न्या."

याचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा, कारण माझी सगळी कहाणी त्यातच आहे. लाकडी बोट जमिनीवर राहिली की वाळते. फळ्या आकसतात आणि त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात. मग ती पाण्यात सोडली की पहिले काही दिवस पाणी आत येतेच. माणसे घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखे काही नसते. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना खेटून बसतात आणि पाणी आपोआप बंद होते. तेवढे दिवस धक्क्याला बांधून ठेवायचे आणि आत आलेले पाणी पंपाने बाहेर काढत राहायचे. एवढेच काय ते औषध.

माझे पहिले मालक गाणे शिकवणारे मास्तर होते. त्यांनी माझी निगा अशी कधी राखलीच नाही. टेबलावर चहाच्या कपांची गोल-गोल वर्तुळे, बाकांखाली पोरांचे ओले मोजे, रंगाचे पोपडे निघालेले. पण वर्षातले सहा-सात महिने मी पाण्यात असे आणि त्यातले निम्मे वाऱ्यावर. मास्तर सुकाणू धरून ताना घ्यायचे आणि त्यांची चार मुले कानांवर हात ठेवायची. मग मुले मोठी झाली, मास्तरांचे गुडघे गेले आणि मी बंदरावरच्या, बोटी ठेवायच्या यार्डातल्या एका कोपऱ्यात वाळत पडले. तिथे मला नवे मालक भेटले.

नवे मालक चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत. दिवसभर एवढ्याशा काचेवर नजर रोखून बसायची सवय, त्यामुळे त्यांना माझ्या अंगावरचा केसाएवढा ओरखडाही लांबून दिसे. मालकीणबाई शिवणकाम करायच्या. खुर्च्यांची कव्हरे, दुकानांचे पडदे, सोफ्याच्या गाद्या. मला पाहायला दोघे आली तेव्हा मालक माझ्याभोवती तीनदा फिरले, ठिकठिकाणी बोटाने टकटक केले, खाली वाकून तळ पाहिला. बाई सरळ शिडीने वर चढल्या, केबिनमध्ये उतरल्या आणि बाकावर आडव्या झाल्या.

"अहो," त्यांनी आतूनच हाक मारली, "माझे पाय पुरतात इथे. घेऊन टाकू."

अशी मी त्यांची झाले.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. त्यांची लेक तेव्हा शाळेत होती. दर हंगामाच्या सुरुवातीला यार्डातला क्रेनवाला मला पट्ट्यांत उचलून पाण्यात ठेवायचा आणि मग आमचे फुगायचे दिवस सुरू व्हायचे. होय, हे नाव त्या घरातच पडले होते. लेक शाळेतून आली की विचारायची, "बोट किती प्यायली आज?" तिघेही माझ्यातच झोपायची, धक्क्याला बांधलेल्या माझ्यात. पाळी लावून पंप मारायची. लेक फूटपट्टी तळाच्या पाण्यात बुडवून बघायची आणि तिथेच बसून गृहपाठ करायची. एखाद्या सकाळी फूटपट्टी कोरडी निघाली, की मालक दोर सोडायचे.

बंदराच्या तोंडाबाहेर डावीकडे वळून दिवसभर गेले की एक लहानसे बेट लागते. त्याच्यावर वस्ती नाही, काही नाही. पण त्याच्या मागल्या बाजूला वारा लागत नाही आणि तळाची वाळू नांगर घट्ट धरते. मालकीणबाईंची ती सर्वांत आवडती जागा. तिथे पोहोचले की हमखास भांडण व्हायचे. मालक मागे सुकाणूवर, बाई पुढे नांगराजवळ. मालक ओरडायचे "सोड", बाई ओरडायच्या "काय?", आणि तेवढ्यात मी वाऱ्याने भलतीकडेच गेलेली असे. मग त्यांनी हातवाऱ्यांच्या खुणा ठरवल्या. त्याही दोघांच्या लक्षात वेगवेगळ्या राहिल्या. एकदाचा नांगर पडला, की दोघेही गाल फुगवून गप्प बसायची. स्टोव्हवर चहा उकळू लागला की बाई म्हणायच्या, "घ्या, कप्तानसाहेब," आणि मालकांना हसू फुटायचे.

बाईंना पोहता येत नव्हते. त्यांना शिकायचेही नव्हते. "बोट आहे ना, मग मी कशाला पोहू?" असे त्या म्हणायच्या. माझ्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणी कधी टाकला नाही.

मग एका वर्षी मालकांचे दुकान दुसऱ्या जागी हलले. त्या गडबडीत मी ओळीने दोन हंगाम जमिनीवर राहिले आणि कडकडीत वाळले. तिसऱ्या हंगामात मालकांना कशीबशी आठवडाभर सुटी मिळाली. क्रेनवाल्याने मला पाण्यात ठेवले. फुगायचे दिवस पाळायचे तर सुटी तिथेच संपली असती. मालक घड्याळाकडे पाहत म्हणाले, "या वेळी वाटेत फुगेल ती. पंप आहेच की."

बाईंनी विचारले, "नक्की ना?"

"बेटामागे जायचंय ना तुला?"

बाई बेटाच्या नावाने हुरळल्याच. लेक त्या वेळी सहलीला गेली होती, म्हणून आम्ही तिघेच निघालो. दुपारपर्यंत सगळे बरे होते. मग वारा वाढला आणि मी एका कुशीवर कलले. एरवी पाण्याबाहेर राहणाऱ्या माझ्या वरच्या फळ्या पाण्याखाली गेल्या. त्या तर अजून थेंबही प्यायल्या नव्हत्या. पाणी भसाभस आत आले. केबिनच्या फरशीच्या फळ्या तरंगू लागल्या, गाद्या तरंगू लागल्या. बाई पंपावर होत्या, घोट्यापर्यंत पाण्यात. मालकांनी सुकाणूवरून आत डोकावले तेव्हा बाईंची चप्पल तरंगत दाराशी आली होती. मालकांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी शीड उतरवले, मला वळवले आणि मागच्या छोट्या इंजिनावर बंदरात आणले. 

पुढे बाईंनी तो प्रसंग भेटेल त्याला रंगवून सांगितला. "उशी माझ्याआधी पोहायला शिकली," असे म्हणून त्या खळखळून हसायच्या. मालक मात्र कधी हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसाची हायच खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पाण्याबाहेर काढले. काही बिघडले आहे का ते बघायचे, डागडुजी करायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सोडायचे, असे ठरले होते. मालकांनी फटींमधली जुनी लांबी खरवडून काढली, नवा कापूस ठोकला, पुन्हा लांबी भरली. हे काम ते इतके मन लावून करत, की मला अंगावरून मोरपीस फिरल्यासारखे वाटे. महिन्याचे तीन झाले. हंगाम संपला.

पुढच्या वर्षी क्रेनवाल्याने मला पट्ट्यांत घेऊन पाण्यावर टेकवले. पाणी आत आले. यायचेच होते. पूर्वी याच पाण्यात लेक फूटपट्टी बुडवायची. पण मालक केबिनच्या पायऱ्यांवर उभे राहून त्या पाण्याकडे असे बघत होते, जणू बाईंची चप्पल पुन्हा तरंगत येणार होती.

"वर घ्या," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता वर घ्या."

"अहो, अजून पट्टेसुद्धा सोडले नाहीत मी," क्रेनवाला म्हणाला. "चार दिवस राहू द्या. फुगेल. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

सांगायला नको होते. मालकांना ठाऊक होते, बाईंना ठाऊक होते, यार्डातल्या कुत्र्यालाही ठाऊक असेल. पण ठाऊक असणे आणि डोळ्यांदेखत पाणी चढताना बसून राहणे यात फार अंतर आहे, मित्रांनो. मालकांना ते अंतर कापता आले नाही. मला पुन्हा वर उचलले आणि यार्डाच्या भिंतीजवळ लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. दोन्ही बाजूंनी टेकू लावले. तिथेच माझी पुढची कितीतरी वर्षे गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे त्यांनी तुला टाकून दिले. तसे झाले असते तर मी रागावून तरी मोकळी झाले असते. मालक दर रविवारी यायचे. ऊन लागू नये म्हणून त्यांनी माझ्यावर ताडपत्रीचे छप्पर केले. डोलकाठी उतरवून तिला सात वेळा पॉलिश केले. पितळी कड्या चकचकीत केल्या. गंजायला लागायच्या आधीच खिळे बदलले. यार्डात माझ्याइतकी देखणी बोट नव्हती. आणि मी जितकी जास्त दिवस कोरडी राहत होते, तितक्या माझ्या फटी रुंदावत होत्या. मालक त्या बुजवायचे, दुसरीकडे नव्या पडायच्या. ते म्हणायचे, "बघ, अजून आहेच कुठेतरी." जे माझे दुखणे होते तेच ते मला औषध म्हणून पाजत होते. मालकांना माझे बोलणे ऐकू आले असते तर मी ओरडून सांगितले असते, की मी आजारी नाही, मला फक्त तहान लागली आहे.

मालकीणबाईही त्यांच्याबरोबर यायच्या. त्या शिडी चढून केबिनमध्ये उतरायच्या, स्टोव्ह पेटवायच्या, चहा करायच्या. दुपारचे जेवण आम्ही तिथेच करायचो. म्हणजे ते करायचे, मी वास घ्यायचे. बाजूच्या बोटींवरचे लोक चेष्टेने मला बंगला म्हणू लागले. "काय वहिनी, बंगल्यात आहात का?" असे खालून विचारायचे. बाईही कमी नव्हत्या. "या ना वर," त्या म्हणायच्या, "फक्त पाय पुसून या." लोक हसायचे, त्याही हसायच्या. पण एकदा त्या स्टोव्हजवळ एकट्याच उभ्या होत्या, तेव्हा कप टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"इथे चहा सांडतच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मजा नाही."

दर वर्षी हंगाम जवळ आला की त्या सहज विचारल्यासारखे विचारायच्या, "या वर्षी जाऊ ना बेटामागे?" आणि मालक हातातले काम न थांबवता म्हणायचे, "एवढं झालं की जाऊ." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच वाटायचे की एवढे झाले की जाऊ. फक्त ते 'एवढे' कधी झालेच नाही. बाईंनी कधी हट्ट धरला नाही. मला वाटते, त्यांना मालकांची भीती कळली होती, आणि ती भीती आपल्याचपायी आहे हेही. अशा माणसाशी भांडणार तरी कसे?

वर्षे गेली. लेकीचे लग्न झाले. मालकांचे केस पिकले. बाईंच्या सांध्यांचे दुखणे सुरू झाले. आधी बोटे वाकडी झाली आणि शिवणकाम सुटले, मग गुडघे सुजू लागले. आता जरा नीट ऐका. पाण्यात असताना माझी कड धक्क्याच्या बरोबरीने असते. एक पाऊल टाकले की माणूस आत. पण जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवले, की पाण्याखाली असणारे माझे सगळे पोट वर येते आणि मी घराच्या माडीएवढी उंच होते. बाईंना दर रविवारी ती शिडी चढावी लागायची. मालक खालून शिडी धरायचे. बाई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, दम घेऊन पुढच्या पायरीवर जायच्या. वर आल्या की कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आले बाई एकदाची."

एका रविवारी त्या शिडीच्या मध्यावर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आज नको. आज गुडघे रुसलेत."

मालकांनी त्यांना खाली उतरवले. यार्डाच्या कचेरीतून एक खुर्ची आणून माझ्या सावलीत ठेवली. त्यानंतर बाई कधी वर आल्या नाहीत. खुर्चीवर बसून भाजी निवडायच्या आणि मधूनच पाठ मागे टेकवायच्या. त्यांची पाठ माझ्या तळाच्या फळ्यांना लागायची, जिथे खरे तर समुद्र लागायचा.

एकदा लेक आली होती. तिने आईला खाली खुर्चीवर पाहिले, वर मालकांना पितळ घासताना पाहिले आणि ती शिडी चढून आली.

"बाबा, ही पाण्यात असती तर आई एका पावलात आत आली असती."

"आणि पाणी आत आलं तर? तिला पोहता येत नाही."

"बाबा, तिला आता नीट चालताही येत नाही. अजून किती थांबणार आहात?"

मालकांच्या हातातले फडके थांबले.  खालून बाईंचा आवाज आला, "भांडू नका गं. मी इथे बरी आहे. सावली छान आहे बोटीची."

त्या संध्याकाळी मालक क्रेनवाल्याकडे गेले आणि त्यांनी वार ठरवला. पुढच्या बुधवारी मला पाण्यात सोडायचे. बाईंना कळले तेव्हा त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. पण पुढच्या रविवारी त्या एक पिशवी घेऊन आल्या. तिच्यात दोन स्वेटर होते, उन्हाची टोपी होती, चहाची पूड होती आणि गाद्यांना घालायची नवी कव्हरे होती. वाकड्या बोटांनी ती कव्हरे त्यांनी कशी शिवली असतील ते त्यांनाच ठाऊक. टाके वेडेवाकडे होते. पूर्वी असा टाका दिसला असता तर त्यांनी उसवून टाकला असता. मालकांनी ती पिशवी वर आणून बाकावर ठेवली. मित्रांनो, मला इतका आनंद झाला होता, की माझ्या वाळलेल्या फळ्या कुरकुरल्या.

मंगळवारी मालक शेवटची तपासणी करायला आले. बोटाने टकटक करत ते सगळ्या अंगावरून फिरले. मागे, सुकाणूजवळ, एका फळीवर त्यांना आवाज जरा वेगळा आला. त्यांनी पुन्हा टकटक केले. टोकदार हत्यार घेऊन टोचून पाहिले. नखाएवढा भाग कुजून मऊ निघाला. माझ्या वयाच्या बोटीला एवढे असायचेच. तेवढ्याने मी बुडाले नसते, हे कुणीही सांगितले असते. मालक खाली बसले. बराच वेळ त्या जागेवर हात ठेवून बसले. मग उठून क्रेनवाल्याकडे गेले आणि बुधवार रद्द करून आले.

बुधवारी बाई आल्याच. त्यांना घरी सांगायचे धाडस मालकांना झाले नव्हते. लेकीने त्यांना गाडीतून आणून माझ्यासमोर उतरवले, तेव्हा मी ठोकळ्यांवरच होते आणि सुकाणूजवळची फळी अर्धी कापलेली होती. बाईंनी त्या कापलेल्या जागेकडे पाहिले, मालकांकडे पाहिले. लेकीने तोंड उघडले, तसा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"तेवढे स्वेटर काढून आण गं वरून," त्या म्हणाल्या. "उगाच कसर लागेल."

लेक वर आली आणि पिशवी घेऊन गेली. कव्हरे मात्र राहिली.

त्यानंतर बाई यार्डात आल्या नाहीत. हिवाळ्यात मालकही येईनासे झाले. ताडपत्री एका बाजूने सुटली आणि फडफडत राहिली. एके दिवशी क्रेनवाला माझ्याखाली उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. "बंगल्यातल्या वहिनी गेल्या," तो म्हणाला. "झाला पंधरवडा." दुसरा जरा हळहळला. मग दोघे दुसऱ्या बोटीबद्दल बोलू लागले. मी ठोकळ्यांवर होते तशी राहिले. माणसे अशा वेळी कुठेतरी जाऊन बसतात, कुणाला तरी भेटतात. मला जागचे हलताही येत नव्हते.

थंडी सरल्यावर मालक आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणे खाली-वर लावलेली. ते माझ्याभोवती फिरले नाहीत. टकटक केले नाही. सुकाणूजवळची नवी फळी कधीच बसवून झाली होती, तिच्याकडेही पाहिले नाही. सरळ क्रेनवाल्याजवळ जाऊन म्हणाले, "पाण्यात सोडा तिला."

"सगळं बघून घेतलंत?"

"नाही."

"फार वाळलीय. पाणी येईल."

"येऊ दे," मालक म्हणाले. "बुडाली तर बुडाली. आता कोण आहे आत?"

क्रेनवाल्याने पुढे काही विचारले नाही. त्याने मला उचलले आणि पाण्यावर टेकवले. किती वर्षांनी ते गार पाणी माझ्या अंगाला लागले. मी अधाशासारखी प्यायले. पाणी आत आले, फरशीवर चढले, बाकाच्या पायांपर्यंत गेले. मालक पायऱ्यांवर बसले होते, बूट पाण्यात बुडालेले. ते ओरडले नाहीत. उठलेही नाहीत. क्रेनवाल्याने विजेचा मोठा पंप आणून लावला आणि पट्टे तसेच सैल ठेवून मला दोन दिवस धरून राहिला. मालकांना त्याने सांगितले, "दुसरं काही काम नाहीये मला." ते खोटे होते. क्रेनसाठी तीन बोटी थांबल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पाणी चढायचे थांबले. फळ्यांमधली लांबी दाबली जाऊन बाहेर येऊ लागली, कारण फळ्या आता एकमेकींना खांद्याने रेटत होत्या. माझे जुने सांधे एक-एक करून मिटत होते. त्या दिवसांत मालक दिवसभर माझ्यात असायचे, पण कशालाच हात लावायचे नाहीत. लेक डबा घेऊन यायची, धक्क्यावर बसायची, उष्टा डबा घेऊन जायची. हळूहळू पंप दिवसातून एकदाच लावावा लागला. मग एक दिवसाआड.

आठवडा उलटून गेला होता. त्या दुपारी मालकांनी केबिनच्या फरशीची एक फळी सहज उचलली आणि हात खाली घातला. तळावर तळवा टेकवला. हात बाहेर काढून पाहिला. पुन्हा घातला, कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवला. भिंगे घासणारे ते हात, त्यांच्यापासून ओल लपली नसती. हात कोरडा होता. त्यांनी तो शर्टाला पुसला, तर शर्टही कोरडाच.

आणि मग, घरात माणूस ज्या आवाजात हाक मारतो त्या साध्या आवाजात ते म्हणाले, "अगं, कोरडं आहे. ये आता."

म्हणून गेले आणि मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले. ते तिथेच फरशीवर बसले. सूर्य खाली गेला तरी बसून होते. धक्क्यावर लेक आली होती. तिनेही ऐकले असावे, कारण ती आत आली नाही, कठड्याला धरून बाहेरच उभी राहिली. मला रडता येत नाही, मित्रांनो. आणि त्या दिवशी तर माझ्या तळात थेंबभर पाणीही नव्हते.

त्यानंतर मी पाण्यातच आहे. लेकीने मला विकायचे नाव काढले नाही. मालक सकाळी येतात, दोर बघतात, तळाला हात लावतात आणि बाकावर बसतात. ती वेड्यावाकड्या टाक्यांची कव्हरे गाद्यांवर चढवली आहेत. बंदराबाहेर अजून आम्ही गेलेलो नाही. लेक म्हणते, या हंगामात ती येणार आहे, बेटामागे जाऊन यायचे. मालक हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझी तक्रार तशी नाही. मला जपण्यात कुणी कसूर केली नाही. तुमच्या घरात कुणीतरी असेलच, दर वर्षी हळूच विचारणारे, 'या वर्षी जाऊ ना?' त्यांचा हात धरून निघा. सगळी तयारी कधीच होत नाही. थोडे पाणी आत येईल. ते उपसता येते.